तारुण्यपिटिका : दोष नेमका कोणाचा?

पौगंडावस्थेतील दहापैकी आठ-नऊ मुलामुलींना कमीअधिक प्रमाणात तारुण्यपिटिका, म्हणजेच मुरूम, येतात. चेहऱ्यावरचे मुरूम सर्वांना दिसतात. पण पाठीवर, खांद्यांवर आणि छातीवर येणारे मुरूम कपड्यांखाली झाकलेले राहतात. शाळेच्या स्पर्धेत पोहायला नकार देणारा किंवा कबड्डीच्या मैदानावर सदरा काढायला तयार नसलेला मुलगा का लाजतो, हे म्हणूनच पुष्कळदा शिक्षकांच्या लक्षात येत नाही. घरी मात्र त्याला सल्ले मिळत असतात. तेलकट खाऊ नकोस, पोट साफ ठेव, अंग नीट घासून धूत जा, चॉकलेट बंद कर.

या सर्व सल्ल्यांमध्ये एक गृहीत दडलेले आहे. मुलाने काहीतरी चुकीचे केले म्हणून त्याला मुरूम आले, हे ते गृहीत. ते कोठून आले, शास्त्रज्ञांनी ते कसे तपासले आणि त्या तपासणीतून घरी करता येण्यासारखे कोणते उपाय टिकून राहिले, हे या लेखात पाहायचे आहे. मुरुमांचा इतिहास हा एका अर्थाने 'कारण' म्हणजे काय आणि ते सिद्ध कसे करायचे, हे शिकण्याचाच इतिहास आहे.

काटेसावरीचा काटा

सुश्रुतसंहितेत 'क्षुद्ररोग' या सदराखाली 'मुखदूषिका' किंवा 'यौवनपिडका' नावाच्या विकाराचे वर्णन आहे. तरुणांच्या तोंडावर शाल्मलीच्या काट्यांसारखे फोड येतात आणि कफ, वात व रक्त यांच्या बिघाडामुळे ते होतात, असे तेथे म्हटले आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. तिच्या खोडावरचे बुडाशी रुंद आणि टोकाशी निमुळते काटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही उपमा किती अचूक आहे ते सांगायला नको. उपचार म्हणून वमन आणि वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांसारख्या द्रव्यांचे लेप सुचवलेले आहेत. कारणमीमांसा आज स्वीकारली जात नसली, तरी एक निरीक्षण पक्के होते. हा विकार तारुण्याशी निगडित आहे, हे नावातच नोंदलेले आहे.

ग्रीक-रोमन जगातही असेच दिसते. 'अ‍ॅक्ने' हा आजचा इंग्रजी शब्द सहाव्या शतकातील ग्रीक वैद्य एटियस याच्या ग्रंथातून आला असे मानतात. मूळ शब्द 'अक्मे', म्हणजे ऐन भर किंवा शिखर, असावा आणि नक्कल करताना त्याचा 'अक्ने' झाला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तसे असेल तर तेथेही नावात तारुण्याचा बहरच आहे.

पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने मात्र मुरुमांवर उपचार करणे हा जवळजवळ वेडेपणाच आहे, पण स्त्रियांना रूपाची चिंता सोडवत नाही, अशा आशयाचे उद्गार काढले आणि मग उपाय सांगितले. चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधिकाळातील मार्सेलस या राजवैद्याने तर आकाशातून तारा निखळत असताना मुरूम फडक्याने पुसावेत, असा उपाय नोंदवून ठेवला. आज आपल्याला हसू येईल. पण हा उपाय टिकला कसा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. एखादा मुरूम आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआपच बसतो. त्याच्या आधी जे काही केले असेल, त्याला श्रेय मिळते. निखळत्या ताऱ्याला मिळालेले हे श्रेय आज टूथपेस्टला, लिंबाला आणि बेकिंग सोड्यालाही मिळत असते.

घाण, किडे आणि चारित्र्य

१८१३ साली लंडनच्या टॉमस बेटमन याने आपले गुरू रॉबर्ट विलन यांच्या पद्धतीवर आधारलेला त्वचारोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात मुरुमांचे दिसण्यानुसार प्रकार पाडले. वर्गीकरण झाले; कारण मात्र अज्ञातच राहिले.

मुरुमाची सुरुवात ज्या काळ्या टोकाच्या खिळ्यापासून होते, त्याला इंग्रजीत 'ब्लॅकहेड' आणि वैद्यकात 'कॉमेडोन' म्हणतात. हा शब्द 'खादाड' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. दाबल्यावर बाहेर येणारी पांढरी, काळ्या टोकाची वळी म्हणजे आपल्या अन्नात वाटेकरी होणारी अळी आहे, अशी समजूत युरोपात होती. जर्मन भाषेत तर ब्लॅकहेडला आजही 'सहभोजी' अशा अर्थाचाच शब्द आहे. १८४२ साली बर्लिनच्या गुस्टाव्ह झिमोन याने मुरुमांतील द्रव्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्याला खरोखरच आठ पायांचा एक सूक्ष्म जीव आढळला. हा डेमोडेक्स नावाचा कोळीवर्गीय जीव. परंतु तो मुरूम नसलेल्या निरोगी त्वचेवरही राहतो, हे लवकरच स्पष्ट झाले. एखादी गोष्ट रोगाच्या जागी सापडली एवढ्याने ती रोगाचे कारण ठरत नाही, हा धडा येथे मिळायला हवा होता. तो पुढे पुन्हा शिकावा लागला.

ब्लॅकहेडचे टोक काळे असल्यामुळे ती घाण असावी, ही समजूत तर आजही आहे. प्रत्यक्षात त्या काळेपणात मोठा वाटा मेलॅनिन या त्वचेतल्याच रंगद्रव्याचा असतो. ते धुऊन जात नाही. कारण तो मळ नव्हेच.

एकोणिसाव्या शतकात या समजुतींना आणखी एक काळी किनार मिळाली. मुरूम वयात येताना सुरू होतात, म्हणजे त्यांचा संबंध लैंगिक वर्तनाशी असणार, असा तर्क झाला. हस्तमैथुनामुळे मुरूम येतात असे वैद्यकीय पुस्तकांतून छापले गेले. लग्न झाले की ते जातात असे सांगितले गेले. वयाशी असलेला संबंध खरा होता. त्यावरून काढलेला चारित्र्याचा निष्कर्ष खोटा होता. पण मुलाच्या चेहऱ्यावर त्याचे गुपित लिहिलेले आहे, असे पाहणाऱ्याला वाटू लागले आणि मुलालाही तसेच वाटू लागले. आपल्याकडेही मुरुमांवरून होणाऱ्या थट्टेत हा सूर अधूनमधून ऐकू येतो.

जीवाणू सापडला, तरीही

जीवाणूंच्या शोधांच्या काळात मुरुमांकडेही त्याच नजरेने पाहिले जाणे स्वाभाविक होते. १८९६ साली हँबर्गच्या पाउल उन्ना याने मुरुमांतील खिळ्यांमध्ये दंडाकार जीवाणू पाहिले. पाठोपाठ फ्रान्समधील साबुरो आणि अमेरिकेतील गिलख्रिस्ट यांनी त्यांवर काम केले. या जीवाणूचे नाव अनेकदा बदलले. कित्येक दशके तो 'प्रोपियोनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस' होता. २०१६ साली त्याचे 'क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस' असे नामांतर झाले.

रोगजंतू सापडला म्हणजे लस करता येईल, अशी तेव्हा उमेद होती. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात आल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टरने १९०९ साली मुरुमांची कारणे आणि त्यांवरील लस या विषयावर 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला. त्याचे नाव अलेक्झांडर फ्लेमिंग. पेनिसिलिनच्या शोधाच्या जवळजवळ वीस वर्षे आधी फ्लेमिंग मुरुमांच्या मागे लागला होता, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. ती लस मात्र काळाच्या कसोटीवर टिकली नाही.

अडचण डेमोडेक्सचीच होती. हा जीवाणू जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या त्वचेवर असतो. ज्याला कधीही मुरूम आला नाही त्याच्याही. शिवाय प्राणवायू कमी असलेल्या जागी, केशकूपाच्या आत खोलवर तो वाढतो. साबणाचा फेस तेथवर पोचत नाही. दिवसातून पाच वेळा घासून धुतल्याने मुरूम का जात नाहीत, याचे उत्तर येथे मिळते.

खरी कळ कोठे आहे?

निर्णायक पुरावा १९४१ साली अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन याने मांडला. ज्या पुरुषांची वृषणे वयात येण्यापूर्वीच काम करेनाशी झाली होती किंवा काढली गेली होती, त्यांना मुरूम आलेच नव्हते. त्यांना टेस्टोस्टेरोन हे पुरुषी संप्रेरक दिल्यावर काहींना मुरूम येऊ लागले. ते बंद केल्यावर मुरूम कमी झाले. केवळ दोन गोष्टी एकत्र दिसतात यापेक्षा हा पुरावा पुष्कळ भक्कम आहे. कारण काढून घेतले तर परिणाम दिसत नाही. कारण घातले तर दिसतो.

आज आपल्याला जे चित्र माहीत आहे ते थोडक्यात असे. त्वचेतील प्रत्येक केशकूपाला तैलग्रंथी जोडलेली असते. वयात येताना मुलांत आणि मुलींतही पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढते आणि या ग्रंथी मोठ्या होऊन अधिक सीबम, म्हणजे त्वचेचे तेल, स्रवू लागतात. त्याच वेळी केशकूपाच्या तोंडाशी मृत पेशी सुट्या न होता एकमेकींना चिकटून बूच तयार करतात. अडलेल्या तेलात जीवाणू वाढतो, तेलाचे विघटन करतो, आणि शरीराची संरक्षणयंत्रणा त्याला प्रतिसाद देते. तो प्रतिसाद म्हणजेच लाल, दुखरा फोड. अर्थात दाहाची सुरुवात याहूनही आधी होत असावी, असे अलीकडचे संशोधन दाखवते. कोणाच्या ग्रंथी किती संवेदनशील असतील, यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

मोठ्या तैलग्रंथी चेहरा, छाती आणि पाठीचा वरचा भाग येथे दाटीने असतात. तळहात आणि तळपाय यांवर त्या नसतातच. म्हणून मुरूम पाठीवर येतात, तळहातावर कधीही येत नाहीत. मळ हे कारण असते, तर सर्वांत जास्त मुरूम मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातापायांवर यायला हवे होते.

सैनिकांच्या पाठी

मग बाहेरच्या गोष्टींचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो विशेषतः अंगावरच्या मुरुमांत दिसला.

१८९९ साली जर्मनीतील कार्ल हेर्क्सहायमर याने रासायनिक कारखान्यातील कामगारांच्या अंगावर आढळणाऱ्या, मुरुमांसारख्या दाट पुटकुळ्यांचे वर्णन केले आणि त्यांना क्लोरीनशी जोडले. पुढे या 'क्लोरॅक्ने'चे कारण काही विशिष्ट क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे आहेत हे कळले. १९७६ साली इटलीतील सेवेसो येथे डायॉक्सिनची गळती झाली, तेव्हा अनेक मुलांना तो झाला.

दुसऱ्या महायुद्धात उष्ण कटिबंधात पाठवलेल्या गोऱ्या सैनिकांमध्ये पाठ, खांदे आणि नितंब यांवर मोठमोठ्या गाठींचे, पू भरलेले मुरूम उसळले. दमट उष्मा, सतत घामाने ओले कपडे आणि पाठीवर घासणारे ओझे, अशी ती परिस्थिती होती. औषधांनी विशेष गुण येत नसे. थंड हवेत परत पाठवल्यावर बरे वाटे. १९७५ साली मिल्स आणि क्लिगमन यांनी दाब, घर्षण आणि कोंडलेला घाम यांमुळे भडकणाऱ्या मुरुमांना स्वतंत्र नाव दिले. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांच्या खांद्यांवर, जेथे संरक्षक गाद्या बसतात नेमके तेथे, असे मुरूम दिसत. त्याआधी १९७० साली प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन यांनी केसांना लावलेल्या तेलकट लेपांमुळे कपाळावर येणाऱ्या मुरुमांचे वर्णन केले होते.

कोकणातला किंवा मुंबईतला पावसाळा, कृत्रिम धाग्याचा गणवेश, पाठीला चिकटलेले जड दप्तर आणि मानेवरून ओघळणारे केसांचे तेल, असे चित्र डोळ्यांसमोर आणले की या निरीक्षणांचे महत्त्व कळते. या गोष्टी मूळ कारण नव्हेत. परंतु ज्याचा कल मुळात मुरुमांकडे आहे, त्याची पाठ त्या भडकवू शकतात.

येथे एक सावधगिरी हवी. दमट हवेत पाठीवर आणि छातीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या आल्या, तर ते पुष्कळदा मुरूम नसतात. मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टमुळे केशकूपांना आलेली ती सूज असते. प्रतिजैविकांनी ती वाढू शकते. तिला बुरशीविरोधी औषध लागते. 'खाजते का?' हा साधा प्रश्न म्हणूनच उपयोगाचा आहे.

चॉकलेटचा प्रयोग

खाण्यावरून मुलांना जितके बोलले जाते तितके दुसऱ्या कशावरूनही नसेल. १९६९ साली फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन यांनी अमेरिकेत याची परीक्षा घेतली. मुरूम असलेल्या ६५ जणांना रोज एक वडी खायला दिली. एका प्रकारच्या वडीत नेहमीच्या दहापट चॉकलेट होते. दुसरी दिसायला तशीच, पण चॉकलेटविरहित. प्रत्येकाला चार आठवडे एक वडी, मध्ये विश्रांती आणि मग चार आठवडे दुसरी, अशी योजना होती. दोन्ही काळांतील मुरुमांत फरक आढळला नाही. 'चॉकलेटमुळे मुरूम येत नाहीत' असे पाठ्यपुस्तकांत छापले गेले, आणि हळूहळू त्याचे 'आहाराचा मुरुमांशी काहीही संबंध नाही' असे व्यापक विधान झाले.

वर्गात चर्चा करायला हा प्रयोग फार चांगला आहे, कारण त्यातले गुण आणि दोष दोन्ही शिकवतात. तुलनेसाठी दुसरी वडी होती, हा गुण. पण त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्ध पदार्थ भरपूर होते. दोष साखरेचा असेल तर तो दोन्ही वेळा सारखाच लागू होणार आणि फरक दिसणारच नाही. काळ थोडा होता. प्रयोगाला चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचे साह्य होते. आणि भाग घेणाऱ्यांपैकी ३५ जण तुरुंगातील कैदी होते. क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९७४ पर्यंत चालवलेल्या त्वचाप्रयोगांवर पुढे कठोर टीका झाली. मुरुमांवरील ट्रेटिनॉइन या उपयुक्त औषधाचा इतिहासही त्याच तुरुंगाशी जोडलेला आहे. ज्ञान कोणाच्या त्वचेवर मिळवले गेले, हे विद्यार्थ्यांनाही सांगायला हवे.

२००७ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग केला. एका गटाला रक्तातील साखर झपाट्याने न वाढवणारा आहार दिला. त्या गटातील मुरूम अधिक कमी झाले. मात्र त्या तरुणांचे वजनही घटले. त्यामुळे श्रेय आहाराचे की वजनाचे, हे वेगळे करता आले नाही. दूध आणि मुरूम यांचा काही अभ्यासांत संबंध दिसतो, पण तो सौम्य आहे. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांत दुधातील प्रथिनांच्या भुकटीने मुरूम वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि चोरून घेतलेल्या पुरुषी संप्रेरकांमुळे छाती-पाठीवर तीव्र मुरूम येतात, हे निश्चित आहे. सारांश असा की गोड पेये आणि मैद्याचे पदार्थ कमी करणे एरवीही हिताचेच. पण मुरूम आले म्हणून मुलाच्या ताटाकडे बोट दाखवण्याइतका पुरावा नाही.

पिठातून त्वचेकडे

घरगुती उपचारांत सर्वाधिक टिकलेले औषध एका वेगळ्याच वाटेने आले. १८५८ साली इंग्लंडमधील बेंजामिन ब्रोडी याने बेन्झॉइल पेरॉक्साइड तयार केले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते पीठ पांढरेशुभ्र करण्यासाठी वापरात आले. १९२९ साली भाजलेल्या आणि न भरणाऱ्या जखमांवर त्याचा उपयोग केल्याची नोंद झाली. पुढे त्वचारोगांत ते अधूनमधून वापरले जाई. १९६५ साली कॅनडातील डॉ. पेस यांनी गंधकासह त्याचे मलम मुरुमांवर वापरून पाहिले आणि मग त्याचा प्रसार झाला.

त्वचेवर ते विघटन पावते आणि मुक्त मूलके तयार होतात. प्राणवायू न सोसणाऱ्या जीवाणूला ती मारक ठरतात. एकाच वेळी अनेक ठिकाणी होणारा हा रासायनिक हल्ला असल्यामुळे जीवाणूंना त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती विकसित करता आलेली नाही. प्रतिजैविकांचे तसे नाही. मुरुमांच्या जीवाणूत एरिथ्रोमायसिन व क्लिंडामायसिन यांना प्रतिरोध असल्याची नोंद १९७९ सालीच झाली. म्हणून प्रतिजैविकाचे मलम एकटे आणि दीर्घकाळ वापरू नये, असे आज सांगितले जाते.

जास्त तीव्र औषध म्हणजे जास्त गुण, हेही खरे नाही. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड दाहक मुरुमांवर ५ आणि १० टक्क्यांच्या औषधाइतकेच उपयोगी पडले. आग आणि कोरडेपणा मात्र १० टक्क्यांच्या औषधापेक्षा कमी झाला. पाठीवर रात्रभर मलम ठेवणे अवघड जाते. शिवाय ज्या गुणाने पीठ पांढरे होते त्याच गुणाने सदरे आणि चादरीही विरंजित होतात. त्यामुळे अंगावरच्या मुरुमांसाठी अंघोळीच्या वेळी लावून काही मिनिटांनी धुऊन टाकण्याचे प्रकार आले. दोन मिनिटांच्या अशा वापरानेही पाठीवरील जीवाणू घटतात, असे २०१२ साली दाखवण्यात आले. २०२४ साली या औषधाचे उष्णतेत विघटन होऊन घातक बेन्झिन तयार होऊ शकते, अशी शंका निघाली. २०२५ मध्ये अमेरिकी औषध नियंत्रकांनी केलेल्या तपासणीत बहुतेक नमुन्यांत त्याचे प्रमाण नगण्य आढळले; थोडी उत्पादने परत घेण्यात आली. आपल्या उन्हाळ्यात ही नळी थंड जागी ठेवावी आणि मुदत संपल्यावर वापरू नये, एवढा बोध पुरेसा आहे.

वनस्पतिजन्य औषधांचीही परीक्षा घेता येते. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर ५ टक्के टी-ट्री तेलाची ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडशी तुलना झाली. दोन्हींनी गुण आला. तेलाचा गुण सावकाश आला, त्रास कमी झाला. हळद आणि कडुनिंब यांचीही अशीच मोठी, काटेकोर तुलना व्हायला हवी.

उपाय जेव्हा अपाय होतो

मुरूम हा जिवावर बेतणारा रोग नाही. म्हणूनच त्यावरील उपाय निर्धोक असणे अधिक महत्त्वाचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका आणि युरोपात तरुण मुलामुलींच्या मुरुमांवर क्ष-किरण सोडले जात. तैलग्रंथी आक्रसत आणि चेहरा स्वच्छ दिसे. काही दशकांनी त्यांतील काहींना त्वचेचे आणि अवटू ग्रंथीचे कर्करोग झाल्याचे आढळले. १९८२ साली अमेरिकेत बाजारात आलेले आयसोट्रेटिनॉइन तीव्र मुरुमांवर विलक्षण गुणकारी आहे. पण गर्भावस्थेत घेतल्यास बाळात गंभीर व्यंगे निर्माण होतात. म्हणून ते तज्ज्ञांच्या देखरेखीवाचून घेऊ नये.

आपल्या देशातला धोका अधिक जवळचा आहे. स्टेरॉइडयुक्त मलमे लावल्यावर लाली दोन दिवसांत उतरते, रंग उजळल्यासारखा वाटतो, आणि मग ती थांबवली की मुरूम दुपटीने उसळतात. त्वचा पातळ होते, लव वाढते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातील १२ ठिकाणच्या, चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे वापरत असल्याचे आढळले. दुष्परिणामांत मुरुमांचाच क्रमांक पहिला होता. त्वग्रोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तरी मैत्रिणीने सुचवलेली नळी वर्गातल्या वर्गात फिरतेच. नळीवर बीटामेथॅसोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन ही नावे दिसली तर ती मुरुमांसाठी नव्हे, हे मुलांना वाचता आले पाहिजे.

घरी काय करावे?

या साऱ्या इतिहासातून घरच्यासाठी उरते ते असे. दिवसातून दोनदा, आणि घाम आल्यानंतर, सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवावे. काथ्या, घासणी किंवा खरखरीत दगडाने पाठ घासू नये. घर्षणाने मुरूम भडकतात. घामाने भिजलेला सदरा लवकर बदलावा, सैल सुती कपडे वापरावेत. केस धुताना पाठीवर ओघळलेले तेल आणि फेस शेवटी धुऊन टाकावा. दप्तराचे ओझे कमी करावे. बेन्झॉइल पेरॉक्साइड डॉक्टरांना विचारून, कमी तीव्रतेपासून सुरू करावे आणि केवळ दिसणाऱ्या फोडांवर न लावता त्या सबंध भागावर पातळ लावावे. कारण आज दिसणारा फोड काही आठवड्यांपूर्वीच आत सुरू झालेला असतो. याच कारणाने गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. चार दिवसांत औषध बदलणारा मुलगा कोणत्याच औषधाला संधी देत नाही.

फोड दाबू नयेत. आपल्या सावळ्या त्वचेवर मुरूम बसल्यावर काळे डाग अनेक महिने राहतात आणि दाबल्याने ते गडद होतात. लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट यांनी त्वचा भाजते. दुखऱ्या गाठी असतील, व्रण राहत असतील किंवा दोन-तीन महिन्यांत फरक पडला नसेल, तर त्वग्रोगतज्ज्ञांकडे जावे. पाठीवरचे व्रण कायमचे राहतात. उशीर करू नये.

शिक्षकांना वर्गात एक सोपी कृती करता येईल. पातळ टिपकागदाचे तुकडे कपाळावर आणि तळहातावर मिनिटभर दाबून धरावेत आणि मग उजेडात पाहावेत. तेलाने कागद पारभासक होतो. कोणत्या तुकड्यावर डाग अधिक दिसतो ते मुलांनीच नोंदवावे आणि तैलग्रंथींची चर्चा तेथून सुरू करावी. घरोघरीचे मुरुमांवरचे उपाय फळ्यावर लिहून 'हा उपाय खरा की खोटा, हे ठरवायला कोणती तुलना करावी लागेल?' असेही विचारावे. निखळता तारा आणि चॉकलेटची वडी या दोन गोष्टी सांगितल्या, तर प्रायोगिक पद्धतीचा पाठ बऱ्याच अंशी होऊन जाईल.

त्यानंतर एक वाक्य स्पष्टपणे उच्चारावे. मुरूम अस्वच्छतेमुळे येत नाहीत, मनातल्या विचारांमुळे येत नाहीत आणि लाज वाटावी असे त्यांत काही नाही. वर्गात ज्याला हे ऐकण्याची सर्वांत जास्त गरज आहे तो बहुधा हात वर करून प्रश्न विचारणार नाही. त्याने न विचारताच हे सांगायचे आहे.